डबके की बावखल?

नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आपण सर्वांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेली आहे. राजवाड्यालगतचा मळा अहाब राजाला भाजीपाल्याच्या बागेसाठी हवा होता. नाबोथ वाडवडिलांचे वतन सोडावयास तयार नव्हता. राजा रुसून, भिंतीकडे तोंड करून निजला आणि पुढचे सारे ईजबेल राणीने केले. या कथेतील एका तपशिलाकडे आमचे लक्ष मात्र फार उशिरा गेले. तो मळा दरोडा घालून घेतलेला नाही, कागदोपत्री घेतलेला आहे. राणीने पत्रे लिहिली, त्यांवर राजाचा शिक्का मारला, नगरातील वडीलधाऱ्यांकडे ती रीतसर धाडली. उपवास पुकारला गेला, सभा भरली, दोन साक्षीदार उभे राहिले. प्रक्रियेत कोठेही उणीव राहिली नाही. अहाबाने ती पत्रे वाचल्याचा मात्र उल्लेख नाही. शिक्का तेवढा त्याचा होता.

हे आठवण्याचे कारण असे की, असा एक शिक्का आम्हीही एकदा मारलेला आहे.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी वसईतील एका धर्मग्रामात आमची नेमणूक होती. लोहमार्गाच्या विस्ताराचे काम निघाले होते. चर्चच्या मालकीच्या वाडीचा एक चिंचोळा पट्टा त्यात जाणार होता आणि त्या पट्ट्यात एक बावखल होते. वसईकरांना बावखल म्हणजे काय हे सांगावयास नको. परंतु हा अंक बाहेरगावीही जातो, म्हणून दोन शब्द. वाडवडिलांनी वाडीत खणलेले हे गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, हळूहळू जमिनीत मुरते, भोवतालच्या विहिरी जिवंत ठेवते आणि खाडीच्या खारटपणाला दूर रोखून धरते. एके काळी त्यावर रहाट चालत. केळींना, पानवेलींना पाणी जाई. आमच्या पिढीतील कित्येक जण पोहायला शिकले ते बावखलातच.

अधिकारी आले ते सौजन्याने आले, हे सांगितले पाहिजे. त्यांनी इंग्रजी अहवालाचे एक जाडजूड बाड आमच्यापुढे ठेवले. त्यात नकाशे होते, हवेतील धुळीचे आणि आवाजाचे तक्ते होते, झाडांची यादी होती. धर्मग्राम परिषदेचे सभासद म्हणाले, “फादर, तुम्ही इंग्रजी वाचता. तुम्हीच बघा. तुम्ही म्हणाल ते आम्हांला मान्य.” आम्ही मोबदल्याची तीन-चार पाने वाचली. रक्कम वाजवी वाटली. नव्या गाड्या येणार, दाराला लोंबकळत जाणाऱ्या आमच्या मुलांना आत पाय ठेवायला जागा मिळणार, हाही विचार मनात होता आणि तो खोटा नव्हता. ना-हरकत पत्रावर सही झाली, चर्चचा शिक्का उमटला, चहा झाला.

चार वर्षांनी एका उन्हाळ्यात मागच्या आळीतील एक वृद्ध मावशी पाण्याची कळशी घेऊन आमच्या ओसरीवर आल्या. म्हणाल्या, “चाखून बघा, फादर. एप्रिलातच विहीर मचूळ झाली. डाळ शिजत नाही.” मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “त्या जाड पुस्तकात आमच्या बावखलाचे काय लिहिले होते हो?”

त्यांना ‘पाहून सांगतो’ म्हटले आणि त्या गेल्यावर कपाटातून ते बाड काढले. एका तक्त्यातील एका ओळीत उत्तर होते : साचलेल्या पाण्याचे डबके, कसलाही उपयोग नाही, अशा अर्थाचे चार-पाच इंग्रजी शब्द. पाहणीचा महिना होता मे. मे महिन्यात बावखलाचे पाणी तळाला जाते, हे आमच्याकडील शाळकरी पोरही सांगेल. ज्या तज्ज्ञाने ती ओळ लिहिली तो लबाड होता असे आम्हांस वाटत नाही. त्याने जे पाहिले ते लिहिले; कोणाला विचारले मात्र नाही. आणि ज्याला विचारता आले असते, ज्याच्या हाती ते पान प्रत्यक्ष आले होते, तो धर्मगुरू मोबदल्याचे आकडे वाचत होता.

बावखल बुजवल्यामुळेच विहिरी मचूळ झाल्या काय? आम्ही तसे छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्याच वर्षांत आसपास इमारती उठल्या, कूपनलिका खोल गेल्या. खरी अडचण निराळीच आहे. काम सुरू होण्यापूर्वी त्या विहिरींचे पाणी कोणी तपासून लिहून ठेवले असते, तर आज तुलना करता आली असती. जे आधी नोंदले गेले नाही, ते नंतर नष्ट झाले असे म्हणण्याची सोयच उरत नाही. त्या तक्त्यातील चुकीच्या ओळीने बावखल तर गेलेच, पण ते होते असे सांगण्याचा मावशींचा आधारही गेला. मोठ्या प्रकल्पांच्या आधी जो पर्यावरणीय आघाताचा अहवाल तयार करावा लागतो, त्याकडे आम्ही तोवर सरकारी सोपस्कार म्हणून पाहत होतो. त्या संध्याकाळपासून तसे पाहणे जमलेले नाही.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्हांला द्विविध परिणामाचा सिद्धान्त शिकविला होता. त्याचे मूळ संत थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाविषयी केलेल्या विवेचनात आहे. एकाच कृतीतून चांगले व वाईट असे दोन्ही परिणाम निघणार असतील, तर ती कृती करावी काय? पुढील आचार्यांनी त्यासाठी चार अटी बांधल्या. कृती मुळात वाईट नसावी. हेतू चांगल्याचाच असावा. वाईट परिणाम हा चांगल्याचे साधन नसावा. आणि चांगल्याच्या मानाने वाईट अवाजवी नसावे. लोकांसाठी आगगाडी धावावी, या कार्याला पहिल्या तीन अटी सहसा आड येत नाहीत. सारे अडते ते चौथीवर, कारण तेथे तोलावे लागते आणि तोलायचे म्हणजे दुसऱ्या पारड्यात काय आहे ते उचलून पाहावे लागते. ‘आमचा तसा हेतू नव्हता’ हे म्हणण्याचा अधिकार ज्याने आधी पाहिले त्याला आहे. ज्याने पाहिलेच नाही, त्याची गणना नीतिशास्त्र अज्ञानाच्या प्रकरणात करते. तेथेही प्रकार आहेत : जे टाळता येणे शक्यच नव्हते ते अज्ञान निर्दोष, जे थोड्या श्रमाने टळले असते ते सदोष, आणि गैरसोय नको म्हणून जे जाणूनबुजून जपले जाते ते सर्वांत वाईट. आमचे अज्ञान मधल्या प्रकारचे होते अशी आम्ही स्वतःची समजूत घालतो. रात्री जाग आली की तेवढी खात्री वाटत नाही.

व्यक्तीला निदान जाग तरी येते. महामंडळाला, मंत्रालयाला, कंपनीला रात्री जाग येत नाही. म्हणूनच तिच्यासाठी कागदाची योजना करावी लागते. अमेरिकेने १ जानेवारी १९७० रोजी अमलात आणलेल्या कायद्याने हे प्रथम केले : संघराज्याच्या कोणत्याही खात्याने मोठे काम हाती घेण्यापूर्वी त्याचे पर्यावरणावर काय परिणाम होतील आणि त्याला दुसरे पर्याय कोणते, हे लिहून लोकांपुढे ठेवावे. या कायद्याची मौज अशी की, तो हानी करू नका असे म्हणत नाही. आधी पाहा, लिहा आणि मग ठरवा, एवढेच सांगतो. पापनिवेदनापूर्वी आपण जे विवेकपरीक्षण करतो, ते येथे कृत्याच्याही आधी करावयाचे आहे.

आपल्या देशात अशी अधिसूचना २७ जानेवारी १९९४ रोजी निघाली आणि १४ सप्टेंबर २००६ रोजी तिची जागा नव्या अधिसूचनेने घेतली. तिच्या यादीत महामार्ग आहेत, विमानतळ आहेत, डोंगरावरचे रोपवेदेखील आहेत. रेल्वे आणि मेट्रो मात्र नाहीत. त्याचे जे समर्थन केले जाते ते असे की, रेल्वे स्वतःच पर्यावरणाची मित्र आहे.

हे समर्थन हसण्यावारी नेण्यासारखे नाही. करोनाच्या साथीपूर्वी मुंबईच्या लोकलने रोज सुमारे ७५ लाख माणसे ये-जा करीत. तेवढी माणसे मोटारींतून निघाली असती तर या शहराला श्वासही घेता आला नसता. आणि याच लोकलच्या मार्गावर अनेक वर्षे दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मेली आहेत, कोणी रूळ ओलांडताना, कोणी गर्दीच्या रेट्याने दारातून पडून. अशांचे अंत्यविधी आम्ही केले आहेत. नवी मार्गिका एक वर्ष लांबली तर त्या विलंबालाही माणसांच्या प्राणांची किंमत असते, आणि झाडांसाठी झटणाऱ्यांनी हे पारडेही तितक्याच प्रामाणिकपणे उचलून पाहिले पाहिजे. परंतु काम सत्कार्य आहे म्हणून त्याचा हिशेब मागू नये, ही रीत आपण चर्चच्या दानपेटीलाही लावत नाही. दर रविवारी दोघे जण बसून पैसे मोजतात, तिसरा वहीत लिहितो.

गोरेगावच्या सेमिनरीत असताना आम्ही संध्याकाळी आरेच्या रस्त्याने फिरावयास जात असू. तेव्हा, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या आरंभी, गोव्यातील कोकण रेल्वेच्या मार्गाचा वाद ऐन भरात होता. किनारपट्टीच्या खाजणांतून, दाट वस्तीच्या गावांतून रेल्वे नको, ती आतल्या तालुक्यांतून न्यावी, अशी मागणी होती. १९९२ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याविषयीची याचिका फेटाळली. १९९३ मध्ये केंद्राने न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग नेमला. अखेर मार्ग मुख्यत्वे ठरला होता तेथूनच गेला आणि १९९८ च्या जानेवारीत सलग गाड्या धावू लागल्या. गोव्याशी नाते असलेले आमचे सहाध्यायी तेव्हा तावातावाने भांडत. आज तेच सुट्टीला त्याच गाडीने मडगावला जातात आणि खिडकीतून पाण्याखालची शेते दाखवून तेच मुद्दे पुन्हा मांडतात. ते दोन्ही बाबतींत खरे आहेत असे आम्हांस वाटते. मागे वळून पाहता खटकते ते एवढेच की, तो सारा वाद काम सुरू झाल्यानंतरचा होता. अभ्यासही होते आणि आयोगही होता, परंतु तोवर जमीन संपादन सुरू झालेले होते, रूळ टाकणारे हात कामाला लागलेले होते.

आम्ही फिरत असू त्या आरेच्या रस्त्याचे नाव २०१९ साली देशभर झाले. कुलाबा-वांद्रे-सीप्झ या साडेतेहतीस किलोमीटरच्या भुयारी मेट्रोची कारशेड तेथे व्हावयाची होती. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री दिवे लावून झाडे तोडण्यास आरंभ झाला. ७ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविली तेव्हा २,१४१ झाडे पडून गेली होती. पुढे सरकार बदलले तशी कारशेड कांजूरमार्गला गेली, पुन्हा सरकार बदलले तशी आरेला परतली. या मेट्रोचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि संपूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. आम्ही तिने प्रवास केला आहे. चांगली आहे, आणि वांद्र्याहून गिरगावात पोहोचावयास लागणारा अल्प वेळ पाहून आम्हांला आनंदच झाला. त्या रात्रीच्या घाईचे समर्थन मात्र त्या आनंदातून निघत नाही. न्यायालयाचे दार पुन्हा उघडण्याआधी जे उरकले जाते, ते उरकणाऱ्याला आपल्या तराजूविषयी फारशी खात्री नसावी.

त्याच प्रकरणात आणखी एक गोष्ट घडली, जिची चर्चा कमी झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेट्रोला ८४ झाडांसाठी वृक्ष प्राधिकरणाकडे जाण्याची मुभा दिली. मिळविलेली परवानगी होती १७७ झाडांची. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने यासाठी दहा लाख रुपयांचा दंड केला. काम मात्र थांबविले नाही, कारण ते थांबविणे लोकहिताचे नव्हते. चौऱ्याऐंशी हा आकडा कोठेतरी लिहिलेला होता म्हणून तर एकशे सत्याहत्तर हा आकडा जास्त ठरला.

मेट्रो तीन आणि मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन यांच्यासाठी आघाताचे अहवाल तयार झाले, ते प्रामुख्याने कर्ज देणाऱ्या जपानी संस्थेची, जायकाची, तशी अट होती म्हणून. आपली विवेकबुद्धी आपण कर्जाबरोबर आयात केली म्हणायचे! तरीही ती उपयोगी पडली. ५०८ किलोमीटरच्या या मार्गाचा सात किलोमीटरचा भाग ठाण्याच्या खाडीखालून बोगद्याने नेला जात आहे आणि वर फ्लेमिंगोंचे अभयारण्य आहे. ठाणे स्थानकाचा आराखडा बदलल्यावर तोडाव्या लागणाऱ्या तिवरांची संख्या सुमारे ५३ हजारांवरून ३२ हजारांवर आली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने परवानगी दिली ती सुमारे २२ हजारांसाठी. बावीस हजार तिवरे म्हणजे थोडी नव्हेत, आणि पालघरमधील ज्यांची शेते गेली त्यांना या वजाबाकीने दिलासा मिळणार नाही. पण ज्यांनी मोजले त्यांनाच ती वजाबाकी करता आली.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात याविषयी एक संपूर्ण परिच्छेद लिहिला आहे, १८३ क्रमांकाचा. विषय इतका रुक्ष की, प्रवचनासाठी तो कोणी निवडत नाही. आम्हीही कधी निवडला नाही. आघाताचा अभ्यास योजना तयार झाल्यावर करू नये, तो आरंभापासून तिचाच भाग असावा, पारदर्शी असावा, पैशाच्या वा सत्तेच्या दडपणाखाली नसावा, आणि स्थानिक लोकांना त्या चर्चेत विशेष स्थान असावे, असा त्याचा आशय आहे.

स्थानिक लोक म्हटले की भाषेचा प्रश्न येतो. २००६ च्या अधिसूचनेनुसार अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. २०२० साली केंद्राने नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला तो इंग्रजीत व हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी तो आठव्या परिशिष्टातील बावीसही भाषांत प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला, तर सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. याचा आम्हांला संताप आला होता. त्यावर एक तरुण सहकारी शांतपणे म्हणाले, “फादर, तुमच्या धर्मग्रामात इंग्रजी येणारा माणूस होता की.” आम्ही गप्प बसलो.

वाचणाऱ्याच्या हाती कागद पडला तर काय होऊ शकते, हेही मुंबईने पाहिले आहे. २००२ साली जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प सुरू झाला. त्यात लोहमार्ग होते, रस्ते होते आणि हजारो कुटुंबांचे पुनर्वसन होते. रस्त्यांमुळे उठविल्या जाणाऱ्या दुकानदारांनी व रहिवाशांनी बँकेचे स्वतःचेच लेखी नियम वाचले आणि २००४ मध्ये तिच्या तपासणी मंडळाकडे तक्रार केली. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसन यांसाठीचे पैसे काही महिने रोखून धरले. साध्या दुकानदारांनी हे केले, केवळ दिलेला शब्द कोठे लिहिला आहे ते दाखवून.

गेल्या उपवासकाळात ध्यानाच्या प्रवचनांसाठी आम्ही त्या जुन्या धर्मग्रामात गेलो होतो. त्या मावशी आता नव्वदीला आल्या आहेत, पण कान शाबूत आहेत. आम्ही त्यांच्या घरी जाऊन बसलो आणि इतक्या वर्षांनी उत्तर दिले : पुस्तकात बावखलाला डबके म्हटले होते, ते पान आमच्या हाती होते, आम्ही ते वाचले नाही आणि सही केली. त्यांनी थोडा वेळ काही म्हटले नाही. मग नातवाला हाक मारून म्हणाल्या, “आळीत अजून दोन बावखले आहेत. त्यांचे तरी लिहून ठेवा. फादर सांगतील कसे लिहायचे ते.”

फादरांना कसे लिहायचे ते ठाऊक नव्हते. एका जलतज्ज्ञ मित्राला विचारून तक्ता आखला : बावखलाचे गावातील नाव, कोणी खणले असे सांगतात, मे महिन्यात पाणी किती हात, ऑगस्टमध्ये किती, भोवती कोणाकोणाच्या विहिरी, पाण्याची चव. युवक मंडळाची चार मुले दोरीला दगड बांधून मापे घेत आहेत. मे महिन्याचा रकाना भरला आहे. ऑगस्टचा अजून कोरा आहे.